खड्ड्याचं कुलूप

१

मंगेश मिस्त्रीचा उजवा हात खड्ड्याच्या एका टोकाला सापडला आणि बाकीचा मंगेश दुसऱ्या टोकाला. पंचनाम्यात हेच मला वीस ओळी गोलगोल फिरवून लिहावं लागलं, म्हणून इथं सरळ सांगून टाकते.

तुमसरच्या बाहेर भैयाजींची राइस मिल आहे. ट्रॅक्टर येतात आणि आवारातल्या सिमेंटच्या खड्ड्यात धान ओततात. खड्ड्याच्या तळाशी मांडीएवढा जाड लोखंडी स्क्रू आडवा बसवलेला आहे. तो फिरला की धान पुढं सरकतं. त्याच्याभोवती तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि सुतळी गुंडाळत जाते, ती दर मंगळवारी मिस्त्री आत उतरून कोयत्यानं कापून काढतो. त्या मंगळवारी साडेअकराला मंगेश आत असतानाच स्क्रू फिरायला लागला.

मी फौजदार रिता कापगते. हवालदार केवळरामला घेऊन बारा वाजून पाच मिनिटांनी पोचले, तेव्हा खड्ड्यापाशी दोनच माणसं उभी होती. बाकीची चाळीस मिलच्या अंगणात एका माणसाला मारत होती. एकाच्या हातात वीट, दुसऱ्याच्या हातात फावड्याचा दांडा. एक हमाल त्याच्या उजव्या हातावर बुटासकट उभा राहून ओरडत होता, "याच बोटांनं मारलं यानं मिस्त्रीले! हेच तोडा आधी!"

मी आधी त्या हमालाच्या पोटरीवर काठी घातली, मग समोर येईल त्याच्या. मला समजावणं जमत नाही, असं माझ्या गोपनीय अहवालात लिहिलेलं आहे. ते खरं आहे. गर्दी फाटली तेव्हा खाली जो उरला होता त्याचा एक डोळा बंद झाला होता, पुढचे दोन दात शर्टाला चिकटले होते आणि उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशांना वळली होती.

"हा कोण?" मी विचारलं.

"भुपेंद्र," पांढऱ्या सफारीतले भैयाजी पुढं आले. त्यांच्या बाहीवर रक्त होतं. "लाखनीचा पोट्टा, कालपासून इथंच मुक्काम आहे याचा. यानंच मिलचा प्रोग्राम बनवला. याच्या कॉम्प्युटरनं माहा मिस्त्री खाल्ला."

भुपेंद्रनं माझ्या पँटची कड धरली. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मॅडम, कुलूप लागलं होतं," तो म्हणाला. "मिस्त्रीनं लावलं होतं. मंग ते सुटलं कसं?"

एवढं बोलून तो माझ्या बुटांवरच बेशुद्ध पडला.

२

खड्ड्याला लागून काचेची केबिन आहे. आत एक संगणक, टेबलाखाली बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, त्यात गंजके नट, बोल्ट, घासलेले बेअरिंग. संगणकाच्या कीबोर्डवर एक दुपट्टा, इकडचे पुरुष खांद्यावर टाकतात तसा, नीट पसरून ठेवलेला होता. मी तो उचलायला गेले तशी दारातून बाई ओरडली.

"हात नोका लावू, मॅडम! मिस्त्रीचा आहे तो!"

ती खुशबू, मिलच्या ऑफिसात कामाला. तिच्याकडून कळलं ते असं. या मिलची जुनी रीत आहे. जो माणूस मशीनच्या आत उतरतो, तो आपला दुपट्टा मेन हँडलवर टाकतो. ज्याचा दुपट्टा त्यानंच काढायचा, मालकानंसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हापासून मिस्त्री आधी संगणकावर कुलूप लावायचा आणि मग कीबोर्डवर दुपट्टा पसरून आत उतरायचा.

"हँडल ओढून वीजच बंद करत नव्हते?"

"त्यानं पूरी मिल बंद होते. भैयाजीनं मना केलं होतं."

मी दुपट्टा उचलला. खुशबूनं डोळे मिटून घेतले. अपघातानंतर मेन हँडल कोणीतरी खाली ओढलं होतं, पण केबिनची वीज वेगळी असल्यानं संगणक चालूच होता. तिनं मला मशीनची नोंद उघडून दाखवली. भुपेंद्रच्या प्रोग्रामचं नाव 'हाकारा'. पडद्यावर बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि त्यापुढं दोन आडव्या रेघा देऊन काय हवं ते सांगायचं. मिलमधल्या माणसांच्या लक्षात राहावं म्हणून शब्द सगळे मराठी. शेवटच्या तीन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या.

११:२० हाकारा खड्डा --कुलूप
११:३० खड्डा: कुलूप सुटलं
११:३० खड्डा: मोटर सुरू

"मोटर कोणी सुरू केली?"

"कोनी नाही. समोरची धानाची कोठी रिकामी झाली की मोटर आपोआप चालू होते. कुलूप असलं तरच थांबते."

"मग कुलूप कोणी काढलं?"

"काढाचा हुकूम तं दिसून नाही राहिला," खुशबू हळूच म्हणाली. "आपोआपच सुटलं, मॅडम."

प्रोग्रामला एक फाइल असते, त्यात त्याच्या वागण्याचे नियम असतात, असंही तिनं सांगितलं. मी तीही उघडायला लावली आणि फोनवर फोटो काढला. दहाबारा ओळी होत्या. मधल्या चार अशा:

# पट्ट्याचा-वेग = ४०
# कुलूप-मुदत = १०
# भाषा = मराठी
# नोंद = थोडी

माझ्या डोक्यात काडीचा उजेड पडला नाही.

बाहेर एक उंच, काळा, तेलकट माणूस खड्ड्याच्या काठावर बसून होता. कोपरापर्यंत रक्त. हा अमर, मिलचा फिटर, मंगेशच्या हाताखाली तयार झालेला. त्यानंच स्क्रूचे बोल्ट खोलून मंगेशला बाहेर काढलं होतं. घटना घडली तेव्हा तो तुमसरच्या बाजारात मशीनचा पट्टा आणायला गेला होता. दुकानाची पावती त्यानं न मागताच दाखवली, वेळ साडेअकरा.

"आलो तं हे असं," तो म्हणाला. "माहा भाऊ बी याच खड्ड्यात गेला, मॅडम. इश्वर. तीन साल झाले."

"तो कसा गेला?"

उत्तर भैयाजींनी दिलं. "दुपट्टा टाकाचा भुलला तो. हँडल मोकळं दिसलं, मंगेशनं चालू केलं. मंगेश तं महिनाभर जेवला नाही, बाप्पा."

अमर हातावरचं रक्त तनशीनं पुसत राहिला.

तेवढ्यात ठाणेदार साहेबांचा फोन आला. फाटकाबाहेर गावातले दोनशे लोक जमले होते आणि प्रोग्रामवाला आमच्या ताब्यात द्या म्हणून ओरडत होते. साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. "प्रोग्रामच्या चुकीनं माणूस मेला, सरळ गोष्ट आहे. पाच वाजेपर्यंत भुपेंद्रची अटक दाखवा, म्हणजे लोक घरी जातील. नाही तर दवाखान्यात घुसून ठार मारतील त्याले."

घड्याळात एक वाजला होता. फाटकाबाहेरून पहिला दगड आला आणि आमच्या जीपची काच फुटली.

३

दवाखान्यात भुपेंद्रच्या बोटांना पट्ट्या बांधून हात छातीवर ठेवला होता. तो शुद्धीत होता. मी केवळरामला दारात उभं केलं आणि आत कोणी आलं तर विचारायच्या आधी काठी घालायला सांगितलं. केवळरामला असे हुकूम फार आवडतात.

"हे बघ," मी भुपेंद्रला म्हटलं, "मले शेतकऱ्याच्या पोरीले समजंल असं सांग. पाच वाजता तुले अटक आहे. आन् खरं सांगते, जेलपेक्षा फाटकाबाहेरच्या लोकांची मले जास्त काळजी आहे."

त्यानं सुजलेल्या ओठांनी सांगितलं. हाकारा प्रत्येक गोष्ट तीन जागी विचारतो. तुम्ही हुकुमासोबत जे टाइप केलं ते सगळ्यांत भारी. जे टाइप केलं नाही ते तो फाइलीत बघतो. फाइलीतही नसलं तर भुपेंद्रनं मुळात ठरवून ठेवलेलं वापरतो.

"माह्या घरी कसं," मी म्हटलं, "आई बोलली तं आईचं. आई गप्प असली तं बाबाचं. दोघं बी गप्प असले तं आजानं जे ठरवलं ते."

तो हसायला गेला आणि कळवळला. "हव, तसंच."

मी त्याला फोनमधला फाइलीचा फोटो दाखवला. त्यानं उघड्या डोळ्यानं एकेक ओळ पाहिली आणि मान उशीवर टाकली.

"सगळ्या ओळी झोपल्या आहेत."

"म्हणजे?"

"समोर ते चिन्ह आहे ना, दोन उभ्या दोन आडव्या रेघांचं? ते असलं की प्रोग्राम ती ओळ वाचतच नाही. मी फाइल देतो तव्हा सगळ्या ओळी अशाच झोपवून देतो. काय काय बदलता येते ते लोकांले दिसावं म्हणून. ज्याले बदलाचं आहे त्यानं ते चिन्ह काढाचं आन् आकडा बदलाचा." त्याचा आवाज बसला. "फाइलीत कोनं काही बदलवलं नाही, मॅडम. मंग चूक माह्याच प्रोग्रामात असंल. मीच मारलं मिस्त्रीले."

त्याच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मला रडणाऱ्या माणसापाशी बसता येत नाही. मी बाहेर पडवीत आले आणि चहा मागवला. माझ्या बॅगेत खुशबूनं दिलेली हाकाराची माहितीपुस्तिका होती, भुपेंद्रनंच लिहिलेली. नवी आवृत्ती, कालच्या सोमवारी त्यानं मिलमध्ये बसवली तीच. वेळ घालवायला म्हणून चाळत होते. प्रत्येक नियमाचं नाव, त्याचा उपयोग, आणि मुळात ठरवलेला आकडा. पहिलंच वाक्य होतं: 'फाइलीतल्या झोपलेल्या ओळींत जे आकडे दिसतात ते मूळचेच आहेत.'

पट्ट्याचा वेग, मूळ आकडा चाळीस. फाइलीतही चाळीस. भाषा मराठी, तिकडं मराठी. नोंद थोडी, तिकडं थोडी.

कुलूप-मुदत: कुलूप किती मिनिटांनी आपोआप सुटावं. मूळ आकडा शून्य. शून्य म्हणजे कधीच सुटू नये.

मी फोन काढला. फोटोत झोपलेल्या ओळीत शून्य नव्हतं. दहा होतं. आणि माझ्या वहीत अकरा वीसला लागलेलं कुलूप अकरा तीसला सुटलं होतं.

चहा तसाच टाकून मी आत धावले.

४

"ती ओळ जागी होती!" मी ओरडले. भुपेंद्र दचकला. "कोणीतरी ते चिन्ह काढलं, शून्याचे दहा केले. मंगेशनं कुलूप लावलं, पण मुदत काही टाइप केली नाही. म्हणून प्रोग्रामनं ती फाइलीतून घेतली. दहा मिनिटांनी कुलूप सुटलं. मग काम झाल्यावर त्या माणसानं पुढं ते चिन्ह परत टाकलं, पण आकडा मागं न्यायचा राहिला. म्हणजे पंख्याचं बटण बंद केलं, पण रेग्युलेटर पाचावरच सोडला."

भुपेंद्र फोटोकडं बघत राहिला. "मी चिन्हं पाहिले, मॅडम," तो म्हणाला. "आकडे नाही पाहिले."

"ही मुदतीची भानगड ठेवलीच काहून तू?"

"भैयाजीनं लय मांगे लागून लागून कराले लावली. लोक कुलूप लावून भुलतात, मिल बंद राहाते, म्हने. मी नाही म्हनत होतो. शेवटी मूळचा आकडा शून्य ठेवीन या शर्तीवर केली. पन फाइलीत नव्हती ठेवाले पाहिजे. ज्यानं जीव जाऊ शकते ते दर खेपेस हातानं टाइप कराले लावाचं असते." त्यानं पट्टीतला हात उचलला आणि परत ठेवला. "नोंद बी थोडीच ठेवली मी. कुलूप सुटलं एवढंच लिवते, काहून सुटलं ते नाही."

"कोणाला माहीत होती ही मुदत?"

सोमवारी दुपारी त्यानं नवी आवृत्ती दाखवली तेव्हा तिघं हजर होते. भैयाजी, खुशबू आणि अमर. मंगेश एका साक्षगंधासाठी, साखरपुड्यासाठी, लाखांदूरला गेला होता. त्याला समजावून सांगायचं काम अमरकडं होतं. पुस्तिका एकच, ती खुशबूच्या कपाटात होती. म्हणजे जाणणारी माणसं चार, भुपेंद्र धरून.

"फाइल शेवटची कधी बदलली ते कळते," तो म्हणाला. "तारीख आन् वेळ राहाते तिच्यावर."

केवळरामला तिथंच ठेवून मी मिलवर परतले. फाटकातून जीप आत घेताना लोकांनी बोनेटवर दांडे मारले. भैयाजी ऑफिसात पंख्याखाली बसले होते.

"मुदत तुम्ही मागितली होती?"

"मी? मले काय समजते त्यातलं?"

मी पुस्तिका त्यांच्या टेबलावर आपटली. "पोट्टा जिवंत आहे, भैयाजी. बोलूनही राहिला. आणि तुमच्या बाहीवर त्याचंच रक्त आहे. आता खरं सांगता का मी ही बाही कापून नेऊ?"

सफारीतला माणूस एकदम लहान दिसायला लागला. "मांगितली होती," ते म्हणाले. "पन मी फाइल-बिइल नाही पाहिली. मले टाइप कराले येतच नाही. मंगेश माहा उजवा हात होता, मॅडम." आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी तोंड दाबून धरलं.

खुशबूनं फाइलीची वेळ काढून दिली. मंगळवार, अकरा बावन्न. मंगेश मेल्यावर बावीस मिनिटांनी.

"अकरा बावन्नला केबिनमध्ये कोण होतं?"

"मी... मी पाहिलं नाही." ती ओढणीचं टोक पिळत होती. तिचा फोन टेबलावर उलटा पडला होता आणि ती त्याच्याकडं पुन्हा पुन्हा बघत होती. मी हात पुढं केला. तिनं फोन दिला आणि भिंतीकडं तोंड केलं.

नऊ मिनिटांचा सलग व्हिडिओ होता. अकरा अठ्ठेचाळीस ते अकरा सत्तावन्न. ऑफिसच्या पायरीवरून घेतलेला. भुपेंद्रला मारतानाचा.

"सगळे मारून राहिले होते," ती भिंतीला म्हणाली. "मी वाचवाले नाही गेली. व्हिडिओ काढत राहिली. मी काहून असं केलं, मॅडम?"

मी तो दोनदा पाहिला. अकरा बावन्नला भैयाजी भुपेंद्रची कॉलर धरून त्याचं डोकं जमिनीवर आपटत होते. खुशबूचा आवाज फोनच्या मागून येत होता, ती एकटीच "देवा, देवा" म्हणत होती. आणि भुपेंद्र विटेखाली होता. त्याला ठार मारायला निघालेल्या चाळीस जणांनीच त्याच्या बाजूची साक्ष देऊन ठेवली होती.

संगणकाचं घड्याळ आणि तिच्या फोनचं घड्याळ मी शेजारी धरून पाहिलं. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

चार माणसांना मुदत माहीत होती. त्यातली तीन व्हिडिओत होती.

५

केवळराम दवाखान्यात दोन शिपाई बसवून परत आला तेव्हा चार वाजले होते. मी अमरला केबिनमध्ये बोलावलं. तो हात धुऊन आला होता, पण नखांत लाल राहिलं होतं. कमरेला मोठा पाना खोचलेला, फिटर लोक खोचतात तसा.

"एक मदत कर," मी म्हटलं. "मी त्या फाइलीची नक्कल काढली आहे. वेगाची ओळ जागी करून साठ टाकले आहेत. मले हे बंद कसं कराचं ते दाखव. साहेबांना अहवालात लिहून द्यायचंय."

तो खुर्चीवर बसला. कीबोर्डवर मी मंगेशचा दुपट्टा मुद्दाम परत पसरून ठेवला होता. अमरनं तो दोन्ही हातांनी अलगद उचलला, मांडीवर घेतला, ओळीच्या सुरुवातीला जाऊन ते चिन्ह टाकलं, फाइल जतन केली आणि दुपट्टा होता तसा परत पसरला. कड कडेला जुळवून.

"झालं," तो म्हणाला.

"साठ तसेच राहिले की. चाळीस नाही केले?"

"काढलेलं फेकाचं नसते, मॅडम. बंद करून ठेवाचं, काम पडते कधी." त्यानं पायानं टेबलाखालचा पत्र्याचा डबा हलवला. नट खुळखुळले. "मिस्त्रीनं हेच शिकवलं. जुना नट डब्यात टाकाचा, फेकला तं मार खाचा."

मी फोन त्याच्यासमोर ठेवला. फोटोतली ती ओळ बोटानं मोठी केली. कुलूप-मुदत, दहा.

"हेही काढून ठेवलं होतंस," मी म्हटलं. "अकरा बावन्नला. अंगणात लोक दुसऱ्याच माणसाला मारत होते तेव्हा. मेलेल्या माणसाचा दुपट्टा उचलून, आणि असाच कड जुळवून परत ठेवून."

त्यानं आकड्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. पाना कमरेतून कधी निघाला ते मला दिसलं नाही. केवळराम मध्ये आला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा फटका माझ्या डोक्यावर यायचा तो काचेवर गेला आणि अख्खी भिंत आमच्या अंगावर कोसळली. अमर त्या काचेतूनच बाहेर पडला.

मला वाटलं, पळतोय. तो पळत नव्हता. त्यानं मेन हँडल वर ढकललं. खड्ड्यात खालून घरघर उठली. पंचनामा झाल्यावर स्क्रू त्यानं दुपारीच परत बसवला होता, तो फिरायला लागला. अमर काठावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले.

मी त्याच्या केसांना धरून मागं ओढलं. त्यानं माझ्या मनगटाचा चावा घेतला, हाडापर्यंत. मी काठी त्याच्या गुडघ्यावर घातली, परत घातली, तिसऱ्यांदा घातली. आम्ही दोघं काठावर पडलो तेव्हा माझी टोपी आत गेली आणि तिच्या चिंध्या झालेल्या मला दिसल्या.

"जाऊ द्या मले!" तो ओरडत होता. "माहा भाऊ बी इथंच गेला! जाऊ द्या!"

केवळरामनं लोंबत्या हातानं रांगत जाऊन दुसऱ्या हातानं हँडल खाली ओढलं. मग तो तिथंच बसला आणि मला शिव्या द्यायला लागला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं वरिष्ठाला दिलेल्या त्या पहिल्या शिव्या. मी त्या मुकाट ऐकून घेतल्या.

अमर मातीत तोंड घालून पडला होता.

"डबा पाहा," तो म्हणाला. "मिस्त्रीचा डबा. एकदम तळाशी."

६

नटांच्या खाली, तेलकट कागदात गुंडाळलेला एक दुपट्टा होता. हिरव्या काठाचा. एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेली धानाची लोंबी.

पंधरा दिवसांपूर्वी अमरला एक जुना नट हवा होता. तो शोधताना हा सापडला. तो इश्वरचा आहे हे त्यानं ओळखलं आणि परत होता तिथंच ठेवला.

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते भैयाजींनी दुसऱ्या दिवशी कबूल केलं. ट्रॅक्टरची रांग लागली होती आणि ते मंगेशवर ओरडत होते. इश्वर वर आला असेल आणि दुपट्टा विसरला असेल, असं समजून मंगेशनं तो हँडलवरून काढला आणि मशीन चालू केलं. मग खालून किंकाळी आली. मंगेशनं दुपट्टा खिशात कोंबला आणि सगळ्यांना सांगितलं, हँडल मोकळं होतं. भैयाजींनी ते पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. मंगेशला दुपट्टा जाळता आला असता, तलावात टाकता आला असता. पण काढलेली वस्तू त्याच्यानं फेकवली नाही.

भैयाजींवर त्यासाठी आणि भुपेंद्रच्या मारहाणीसाठी असे दोन गुन्हे मी दाखल केले. भुपेंद्रची अटक कोणी दाखवली नाही. बुधवारी भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर बसून डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होता. खुशबू शेजारी लॅपटॉप धरून उभी होती, दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

"मुदत काढून टाकली," तो म्हणाला. "झोपवली नाही. पूरी मिटवली."

अमरची आई कुंताबाई त्याच दिवशी ठाण्यात आली. एसटीनं, एकटीच. दुपट्टा ओळखायला मीच तिला बोलावलं होतं. ठाण्याची लिखापढी करणारा आमचा रायटर संगणकावर अमरचे कागद टाइप करत होता. मी तेलकट कागद उघडला. तिनं दुपट्टा हातात घेतला आणि कोपऱ्यातली लोंबी अंगठ्यानं चाचपली.

"मीच भरली होती," ती म्हणाली. "हा कुठं भेटला?"

मी सगळं सांगितलं.

"तीन साल झाले, बाई. रोज त्याच्या फोटोले दिवा लावते आन् रोज त्याले बोलते. एवढा कसा रे भुलक्कड तू, म्हनते. दुपट्टा टाकाले काय जोर पडत होता तुले, म्हनते. सनावाराले बी बोलली मी त्याले." तिचा आवाज चढला नाही. "भुलला नव्हता तं माहा इश्वर."

"नाही. भुलला नव्हता."

"हे अमरले माहीत होतं?"

"पंधरा दिवसांपासून."

"मंग त्यानं मले काहून नाही सांगितलं? एवढंच सांगतलं असतं. मले दुसरं काही नव्हतं पाहिजे."

तो दुपट्टा मुद्देमाल होता, तिला देता येत नव्हता.

ती उठली. रायटरच्या टेबलापाशी गेली. पडद्यावर तिच्या दुसऱ्या मुलाचं नाव होतं, तिला वाचता येत नसणार. तिनं दुपट्टा झटकला आणि कीबोर्डवर पसरला, कड कडेला जुळवून. रायटरनं हात मागं घेतले. मग ती अमरच्या कोठडीच्या दिशेनं गेली आणि गजांपाशी जमिनीवर बसली.

रायटरनं माझ्याकडं पाहिलं. कागद संध्याकाळपर्यंत कोर्टात पोचायचे होते.

"राहू द्या, मॅडम," गळ्यात हात बांधलेला केवळराम म्हणाला. "हातानं लिवून टाकतो मी."

त्याचा उजवा हात बांधलेला होता. तो डाव्या हातानं लिहायला बसला.